जन्मतः बहिरेपणा, वारंवार बेशुद्धी आणि एक पोटॅशियम चॅनेल : सोलापुरातील एका मुलीचे प्रकरण

मुलगी ३ वर्षे २ महिन्यांची, वजन १२ किलो. घर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई घरी शिलाई करते. पाठवणीच्या चिठ्ठीवर पहिली ओळ होती : 'दोन्ही कानांना अतितीव्र बहिरेपणा, कॉक्लियर इम्प्लांटसाठी (श्रवणचेतेला थेट वीज देणारे, अंतर्कर्णात बसवायचे उपकरण) तपासणी.' खाली दुसरी ओळ : 'अधूनमधून झटके येतात, औषध चालू.' चिठ्ठी वाचणाऱ्याचे लक्ष पहिल्या ओळीवर जाते. मुलीच्या जिवाचा धोका मात्र दुसऱ्या ओळीत होता.

हे प्रकरण शिकण्या-शिकवण्यासाठी जुळवलेले आहे. कुटुंब कोणा एकाचे नाही. लक्षणे, मोजमापे, मात्रा आणि चुका मात्र येरवेल-लांगे-निल्सन सिंड्रोम या, जन्मतः बहिरेपणा आणि हृदयाची बिघडणारी लय एकत्र असलेल्या विकारात प्रत्यक्ष आढळतात तशाच घेतल्या आहेत.

आधीचा इतिहास

जन्मानंतर कानाची चाचणी झालेली नव्हती. आठव्या महिन्यात कुकरच्या शिटीला मूल दचकत नाही हे आईच्या लक्षात आले. अंगणवाडीतल्या तपासणीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने नोंद केली आणि तिथून पुढे कानाच्या तपासण्या सुरू झाल्या. मूल २२ व्या महिन्यात चालू लागले. त्याआधी मान धरायलाही उशीर झाला होता.

पहिली बेशुद्धी १९ व्या महिन्यात, लस टोचताना रडता रडता. दुसरी जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत, होम मैदानावरच्या मोठ्या पाळण्यातून खाली येताना. तिसरी गल्लीत कुत्रे मागे लागले तेव्हा. तिन्ही वेळा घडले ते एकसारखेच : चेहरा पांढराफटक, अंग सैल पडले, हातापायांना दोन-चार हिसके बसले, मिनिटाच्या आत डोळे उघडले आणि पाच मिनिटांत मूल पुन्हा खेळायला लागले. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, निर्दोष होता. तरीही अपस्माराचे निदान लिहिले गेले आणि व्हॅल्प्रोएट सुरू झाले.

इथे अपस्मार आणि हृदयाची लय बिघडून आलेली बेशुद्धी यांतला फरक पाहावा. अपस्माराच्या झटक्यानंतर मूल बराच वेळ गुंगीत राहते, झोपी जाते, ओळख पटायला वेळ लागतो. हृदयामुळे आलेल्या बेशुद्धीत धावणे, रडणे, भीती असे काहीतरी आधी घडलेले असते, रंग एकदम उडतो आणि शुद्ध आली की मूल ताजेतवाने दिसते. मेंदूला काही सेकंद रक्त मिळाले नाही तरी हिसके येतात, त्यामुळे हिसक्यांवरून काहीच ठरत नाही. मोठे मूल छातीत धडधडते असे सांगू शकते. बहिऱ्या, अजून न बोलणाऱ्या मुलाला तेही सांगता येत नाही, म्हणून विचारपूस करणाऱ्यानेच जास्त खोदून विचारले पाहिजे.

खोदून विचारल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आणि या मुलीच्या आधी एक मुलगा होता, तोही बहिरा. पाचव्या वर्षी पळता पळता पडला आणि गेला. तो झटक्याने गेला असे घरात सगळे धरून चालले होते.

जन्मतः बहिरेपणा, श्रमात किंवा भीतीत बेशुद्धी, नात्यातले लग्न आणि बहिऱ्या भावंडाचा अचानक मृत्यू हे चारही एकत्र दिसले की पुढची तपासणी एकच : ईसीजी. नॉर्वेच्या आंतोन येरवेल आणि फ्रेड लांगे-निल्सन यांनी १९५७ साली वर्णन केलेल्या कुटुंबातही हेच होते. सहा मुलांपैकी चार बहिरी, त्यांतली तीन अचानक दगावलेली, आणि ईसीजीवर क्यूटी अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदयाचा स्नायू पुन्हा विश्रांतीला येईपर्यंतचा काळ, लांबलेले. त्या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार दुर्मीळ आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांत हजारी दोन-तीनच्या आसपासच तो सापडतो. पण उपचार न मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले पंधराव्या वर्षाच्या आत जातात. एका ईसीजीला दहा मिनिटे लागतात. म्हणून प्रत्येक जन्मतः बहिऱ्या मुलाचा ईसीजी इम्प्लांटच्या यादीत नाव लागण्याची वाट न पाहता, बहिरेपणाचे निदान होईल त्याच आठवड्यात काढावा.

ईसीजी वाचताना झालेली गफलत

या मुलीचा ईसीजी आधी एकदा निघालेला होता. यंत्राने वर छापले होते : क्यूटी ३४०, दुरुस्त (ठोक्यांच्या वेगानुसार सुधारलेला) क्यूटी ४३९ मिलिसेकंद. म्हणजे सर्व ठीक. कागद मात्र वेगळे सांगत होता.

कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असतो, म्हणजे एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. लीड दोन या पट्टीवर दोन आर लाटांमधले (ठोक्यांच्या उंच टोकांमधले) अंतर १५ चौकोन, म्हणजे ६०० मिलिसेकंद, ठोके मिनिटाला १००. क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाट (स्नायू सावरतानाची लाट) जिथे मूळ रेषेला टेकते तिथपर्यंत ११ चौकोन, म्हणजे ४४० मिलिसेकंद. बॅझेटच्या सूत्राने ४४० ला ०.६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ०.७७५ ने भागले की ५६८ येतात. वेगवान ठोक्यांना बॅझेटचे सूत्र आकडा फुगवते, म्हणून घनमुळाच्या फ्रिडेरिशिया सूत्रानेही पडताळले : ५२२. कोणत्याही हिशेबाने अंतर लांबच आहे. मुलांमध्ये ४६० च्या वर गेले की शंका घ्यायची, ५०० च्या वर गेले की धोका मोठा.

यंत्र चुकले कशामुळे? टी लाट रुंद आणि दोन उंचवट्यांची होती. यंत्राने पहिला उंचवटा उतरला तिथेच टी संपली असे धरले आणि १०० मिलिसेकंद गमावले. शिवाय टीच्या शेपटीला लागूनच पुढच्या ठोक्याची पी लाट येत होती. अशा वेळी टीच्या उताराच्या सर्वांत तीव्र भागाला स्पर्शरेषा काढावी, ती मूळ रेषेला छेदते तो टीचा शेवट. लीड दोन किंवा व्ही पाचमध्ये तीन ते पाच ठोके मोजून सरासरी घ्यावी. मूल रडत असताना, ठोके १५० वर असताना काढलेल्या पट्टीवर निकाल देऊ नये. मूल दूध पिऊन शांत झाल्यावर पुन्हा काढावा.

लांब क्यूटीच्या निदानासाठीच्या श्वार्ट्झच्या गुणतक्त्यात क्यूटी ४८० च्या वर म्हणून ३, श्रमात किंवा भीतीत बेशुद्धी २, जन्मतः बहिरेपणा अर्धा, जवळच्या नात्यात तिशीआधी अचानक मृत्यू अर्धा, असे ६ गुण झाले. निदानाला ३.५ पुरतात. रक्तात पोटॅशियम ३.६ होते. सर्वसाधारण मुलाला ते चालते, या मुलीला ४ च्या वर हवे. हिमोग्लोबिन ८.४, लोहाचे औषध चार महिने घेऊनही वाढलेले नव्हते. या शेवटच्या आकड्याचा संबंध पुढे येतो.

जनुक तपासणीत केसीएनक्यू१ या जनुकाच्या दोन्ही प्रती मोडलेल्या निघाल्या. या विकाराच्या बहुतेक रुग्णांत हेच जनुक बिघडलेले असते. थोड्यांत त्याचा जोडीदार केसीएनई१.

एकच चॅनेल, तीन ठिकाणी

केसीएनक्यू१ पासून बनणारे पोटॅशियम चॅनेल (पेशीच्या आवरणातले पोटॅशियम जाऊ देणारे छिद्र), केव्ही ७.१, अंतर्कर्णात कुठे असते हे कळले की सगळ्या तपासण्यांचा अर्थ लागतो. ते चेतापेशीत नाही, ध्वनी टिपणाऱ्या रोमपेशीतही नाही. ते कॉक्लियाच्या (अंतर्कर्णातल्या शंखाच्या) बाहेरच्या भिंतीवरच्या स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस या पट्टीतल्या कडेच्या पेशींच्या आतल्या तोंडाशी असते. या पेशी रक्ताच्या बाजूने सोडियम पंप आणि एनकेसीसी१ या वाहकाच्या मदतीने पोटॅशियम आत ओढतात आणि केव्ही ७.१ मधून ते एंडोलिम्फ या द्रवात सोडतात. एंडोलिम्फ हा शरीरातला विलक्षण द्रव आहे. पेशीबाहेर असूनही त्यात पोटॅशियम सुमारे १५० मिलिमोल आणि सोडियम जेमतेम एक-दोन मिलिमोल असते, शिवाय त्याचा विद्युतदाब सुमारे +८० मिलिव्होल्ट. हा दाब उभा करण्यात स्ट्रियाच्या मधल्या पेशींतले किर ४.१ हे आणखी एक पोटॅशियम चॅनेल कामाला येते.

रोमपेशीच्या आतला दाब साधारण −५० ते −६० मिलिव्होल्ट. म्हणजे तिच्या टोकावरच्या रोमांपाशी सुमारे १३० ते १४० मिलिव्होल्टचा फरक पडतो. ध्वनीने रोम वाकले की तिथली छिद्रे उघडतात आणि पोटॅशियम आत घुसते. शरीरात इतरत्र पोटॅशियम चॅनेल उघडले की पेशी शांत होते, कारण पोटॅशियम बाहेर जाते. इथे पोटॅशियम आत येऊन पेशी उद्दीपित होते. मग कॅल्शियम शिरते, ग्लुटामेट सुटते आणि श्रवणचेतेचा तंतू पेटतो. आत आलेले पोटॅशियम पेशीच्या तळातून बीके आणि केसीएनक्यू४ या चॅनेलांतून बाहेर पडते आणि आधारपेशींच्या मार्गे परत स्ट्रियाकडे जाते. केसीएनक्यू४ बिघडले तर तो वेगळा विकार होतो, वयाबरोबर वाढत जाणारा बहिरेपणा. तिथे हृदयाला धोका नाही. नावे सारखी दिसतात म्हणून अहवाल वाचताना अंक नीट पाहावा.

केव्ही ७.१ नसेल तर एंडोलिम्फ तयारच होत नाही. प्राण्यांत पाहिले तर तो कप्पा कोसळून पडदे एकमेकांना चिकटतात. टाकी भरणारा पंपच बंद असेल तर घरातल्या तोट्या कितीही चांगल्या असून उपयोग नाही, तशी इथल्या रोमपेशींची गत होते. तोल सांभाळणाऱ्या भागालाही हाच द्रव लागतो, म्हणून मान धरायला, चालायला उशीर झाला.

हृदयात हेच चॅनेल ठोक्यानंतर स्नायुपेशीला पुन्हा विश्रांतीच्या दाबावर आणते. धावताना, घाबरताना ॲड्रेनॅलिनमुळे या चॅनेलमधला प्रवाह वाढतो आणि प्रत्येक ठोका आखूड होतो, त्यामुळे वेगातही हृदयाला सावरायला वेळ मिळतो. ते नसेल तर ठोके वाढतात पण क्यूटी आखडत नाही. मग टोर्साड ही पिळवटलेली, वेगवान लय सुरू होते आणि मूल कोसळते. लस, पाळणा आणि कुत्रे, तिन्ही प्रसंगांत ॲड्रेनॅलिन उसळले होते.

तिसरी जागा जठर. आम्ल तयार करणाऱ्या पेशींना पंप चालवण्यासाठी पोटॅशियम बाहेरून पुन्हा पुरवावे लागते, ते काम केव्ही ७.१ करते. ते बंद पडले की आम्ल कमी, लोहाचे शोषण कमी. चार महिन्यांच्या लोहाने हिमोग्लोबिन न वाढण्याचे कारण हेच होते.

आई-वडिलांकडे प्रत्येकी एक चांगली प्रत आहे आणि एंडोलिम्फ भरायला ती पुरते, म्हणून दोघांनाही उत्तम ऐकू येते. हृदयाला मात्र ती नेहमी पुरतेच असे नाही. वडिलांचा दुरुस्त क्यूटी ४६२ निघाला.

कानाच्या तपासण्या

मेंदूखोडाची श्रवणचाचणी मुलाला झोपवून करतात आणि त्यासाठी सर्रास ट्रायक्लोफॉसचे सिरप पाजले जाते. ते क्लोरल कुळातले औषध आहे आणि क्यूटी लांबलेल्या मुलाला ते टाळलेले बरे. म्हणून ईसीजी आधी, झोपेचे औषध नंतर. या मुलीला सकाळी लवकर उठवले, वाटेत झोपू दिले नाही, दुपारी भरवून काळोख्या खोलीत आईच्या मांडीवर झोपू दिले. नैसर्गिक झोपेत दीड तासात काम झाले.

९० डेसिबलच्या क्लिकला एकही लाट उमटली नाही. क्लिक एकदा दाबाच्या आणि एकदा विरळीकरणाच्या ध्रुवतेने वेगवेगळे दिले. रोमपेशी जिवंत असून चेता किंवा तिचा रोमपेशीशी असलेला सांधा बिघडलेला असेल तर सुरुवातीच्या मिलिसेकंदात ध्रुवतेबरोबर उलटणारी कॉक्लियाची लहर दिसते. दोन्ही ध्रुवता एकत्र मिसळल्या तर ती लहर पुसली जाते आणि श्रवणचेतेचा विकार नजरेतून सुटतो. इथे ती लहर नव्हती, कानातून परतणारे ध्वनीही नव्हते. मधल्या कानाचा आलेख ए प्रकारचा, म्हणजे निर्दोष होता. एमआरआयमध्ये कॉक्लियाचे वेटोळे पूर्ण आणि श्रवणचेता जाड, शाबूत दिसली.

म्हणजे बिघाड चेतेच्या अलीकडे आहे. इम्प्लांटच्या दृष्टीने ही सर्वांत आशादायक स्थिती, कारण इम्प्लांट स्ट्रिया आणि रोमपेशी दोन्ही ओलांडून थेट चेतेला वीज देते. आणि श्रवणचेता पेटते-विझते ती ज्या पोटॅशियम चॅनेलांच्या जोरावर, ती वेगळ्या जनुकांची आहेत. या मुलीत ती धडधाकट आहेत.

एमआरआय आधी उरकण्याचे आणखी एक कारण होते. पुढे हृदयात शॉक देणारे उपकरण बसवावे लागले किंवा इम्प्लांटचे चुंबक डोक्यात आले, की एमआरआय अवघड होतो.

शस्त्रक्रियेआधी हृदय

कुटुंबाला वाटत होते की आधी कान, मग हृदय पाहू. क्रम उलटा हवा. पण फार लांबवूनही चालत नाही, कारण साधारण साडेतीन वर्षांनंतर मेंदूचे श्रवणमार्ग नव्या आवाजाला शिकण्यात मागे पडू लागतात. मधे मिळाले चार महिने.

ॲड्रेनॅलिनचा हृदयावरचा परिणाम रोखणाऱ्या प्रोप्रानोलॉल या बीटा-ब्लॉकर औषधाची १० मिलिग्रॅमची अर्धी गोळी दिवसातून तीनदा अशी सुरुवात केली, दहा दिवसांनी पूर्ण गोळी तीनदा, म्हणजे दिवसाला ३० मिलिग्रॅम, किलोमागे २.५. नेहमीची मर्यादा २ ते ४. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. गोळीचे तुकडे करून १२ किंवा ११ मिलिग्रॅम साधण्याच्या भानगडीत न पडता पूर्ण गोळीवर मात्रा बसवली, कारण घरी चूक तिथेच होते. नॅडोलॉल दिवसातून एकदा-दोनदा देता येते आणि अनेक तज्ज्ञ तेच पसंत करतात, पण ते सगळीकडे मिळत नाही, आणि मधेच तुटणारे औषध इथे घातक ठरते. प्रोप्रानोलॉल उपाशीपोटी दिले तर लहान मुलाची साखर घसरते, म्हणून ते खाण्याबरोबरच द्यायचे. उलट्या होऊन दोन मात्रा पोटात राहिल्या नाहीत तर घरी थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा.

या विकारात नुसत्या बीटा-ब्लॉकरवर विसंबता येत नाही. औषध घेणाऱ्यांपैकीही निम्म्याच्या आसपास रुग्णांना पुन्हा त्रास झाल्याचे मोठ्या पाहणीत दिसले आहे. म्हणून पुण्यातल्या केंद्रात छातीतली डावी सिंपथेटिक साखळी, म्हणजे हृदयाला उत्तेजन देणाऱ्या चेतांची साखळी, दुर्बिणीतून छेदली : तारकाकृती गाठीचा खालचा अर्धा भाग आणि दुसऱ्या ते चौथ्या पातळीच्या गाठी. १२ किलोच्या मुलीत शॉकचे उपकरण बसवण्याचा निर्णय पुढे ढकलला, सोडून दिला नाही. व्हॅल्प्रोएट मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत बंद केले. न्यूमोकॉकसची लस इम्प्लांटच्या दोन आठवडे आधी पूर्ण केली.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

सकाळची प्रोप्रानोलॉलची मात्रा चुकवली नाही आणि उपाशी असल्याने ग्लुकोजची ड्रिप लावली. मुलीला आईच्या कडेवरूनच आत नेले. छाती-पाठीवर डिफिब्रिलेटरचे (हृदयाला बाहेरून शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड भूल देण्याआधी चिकटवले. भूल प्रोपोफॉल आणि फेंटानिलवर ठेवली, सेव्होफ्लुरेन टाळले. कानामागे चिरण्याआधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ॲड्रेनॅलिन टोचण्याची पद्धत आहे, ती इथे बंद. स्नायू सैल करणारे औषध उतरवायला निओस्टिग्मिन-ग्लायकोपायरोलेटऐवजी सुगॅमाडेक्स. उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन नाही, डेक्सामेथासोन. शरीराचे तापमान ३६.५ च्या खाली जाऊ दिले नाही. फ्युरोसेमाइड तर दोन कारणांनी नको : ते पोटॅशियम घालवते आणि एनकेसीसी१ बंद करून स्वतःच कानाला इजा करू शकते.

सिरिंजमध्ये मॅग्नेशियम सल्फेट ६०० मिलिग्रॅम भरून ठेवले होते, किलोमागे ५०. फळ्यावर ठळक लिहिले होते : 'टोर्साड आल्यास ॲमिओडॅरोन नाही. मॅग्नेशियम, लिडोकेन, शॉक २४ ज्यूल, मग ४८.' हृदय थांबले की पथकाचा हात सवयीने ॲमिओडॅरोनकडे जातो, आणि ते क्यूटी आणखी लांबवते. हे वाक्य फळ्यावर असणे म्हणूनच गरजेचे आहे.

चेतेचे उत्तर

इलेक्ट्रोड आत सरकल्यावर चेता विजेला प्रतिसाद देते का हे तिथल्या तिथे मोजता येते. एका इलेक्ट्रोडने दर टप्प्याला २५ मायक्रोसेकंदांचा दुहेरी स्पंद द्यायचा आणि शेजारच्या इलेक्ट्रोडने ऐकायचे. ०.२ ते ०.४ मिलिसेकंदांत खाली जाणारे टोक आणि ०.६ ते ०.८ मध्ये वर येणारे टोक दिसले की तंतूंचा समूह एकत्र पेटला. या मुलीत तळापासून टोकापर्यंत तपासलेल्या सर्व इलेक्ट्रोडांवर उत्तर आले.

या मोजणीतच पोटॅशियम चॅनेलांचे काम उघड दिसते. स्पंदाचा विद्युत-गोंगाट इतका मोठा असतो की चेतेचे उत्तर त्यात बुडते. म्हणून ४०० मायक्रोसेकंद आधी एक मोठा स्पंद देऊन तंतूंना एकदा पेटवतात. लगेच आलेल्या दुसऱ्या स्पंदाला ते उत्तर देऊ शकत नाहीत आणि नुसता गोंगाट हाती येतो, तो वजा करता येतो. त्या ४०० मायक्रोसेकंदांत तंतूंतली सोडियम चॅनेल अजून कुलूपबंद असतात आणि पोटॅशियम चॅनेल उघडी असतात. मधले अंतर दोन मिलिसेकंदांपर्यंत वाढवले तर बरेच तंतू सावरून पुन्हा पेटतात.

श्रवणमार्गाच्या पेशींना इतक्या लवकर सावरता येते ते दोन कुळांमुळे. केव्ही १.१ आणि १.२ विश्रांतीच्या दाबाजवळच थोडी उघडी असतात. पेशीत दाब संथपणे चढू लागला तर ती आणखी उघडून तो वाहून जाऊ देतात, फक्त झपाट्याने चढलेला धक्काच उंबरठा ओलांडतो. म्हणून अशी पेशी लांबलेल्या प्रवाहाला सुरुवातीला एकदाच पेटते आणि क्षण अचूक पकडते. विषाने ही चॅनेल बंद केली तर तीच पेशी त्याच प्रवाहाला पुन्हा पुन्हा पेटत राहते आणि वेळेचा नेमकेपणा हरवतो. केव्ही ३.१ चे वागणे उलटे. दाब बराच वर गेल्याशिवाय ते उघडत नाही, उघडले की स्पंद झटकन खाली खेचते आणि झटकन बंदही होते, त्यामुळे पुढच्या स्पंदाचा रस्ता अडत नाही. मेंदूखोडातल्या ट्रॅपेझॉइड गाठीच्या पेशी सेकंदाला काही शे वेळा पेटू शकतात त्या याच्याच बळावर. दोन कानांतल्या आवाजाचा दहा-वीस मायक्रोसेकंदांचा फरकही माणूस ओळखतो, त्याचा पाया इथे आहे.

ही चॅनेल जन्मतः ठरलेल्या प्रमाणात कायम राहत नाहीत. ट्रॅपेझॉइड गाठीत उंच स्वरांच्या टोकाला केव्ही ३.१ जास्त आणि खालच्या स्वरांकडे कमी असा उतार असतो. ऐकू न येणाऱ्या उंदरांमध्ये तो सपाट झालेला आढळला आहे. चेता शाबूत आहे म्हणून इम्प्लांट कधीही करता येईल, हा समज त्यामुळे टिकत नाही. वापर नसेल तर पुढच्या पेशींचा चॅनेलसाठाच बदलत जातो. या मुलीचे इम्प्लांट ३ वर्षे ६ महिन्यांना झाले, ते लवकर नव्हे, जेमतेम वेळेत.

प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचे बाहेरून लावायचे यंत्र, लावताना एका इलेक्ट्रोडला सेकंदाला ९०० स्पंदांचा वेग ठेवला. प्रत्येक तंतू प्रत्येक स्पंदाला पेटत नाही, पेटावे अशी अपेक्षाही नसते. काही या स्पंदाला, काही पुढच्या. वेग दुप्पट केल्याने आवाज दुप्पट स्पष्ट होईल असे वाटून आग्रह धरणारे पालक भेटतात, पण सावरण्याच्या काळात आलेला स्पंद वाया जातो आणि बॅटरी लवकर संपते.

आवाज सुरू करण्याचा दिवस

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या आठवड्यात यंत्र चालू केले, ईसीजीचा मॉनिटर लावून आणि डिफिब्रिलेटर खोलीत ठेवून. यंत्राची वीज हृदयापर्यंत जात नाही, धोका दचकण्याचा. म्हणून पातळी उंबरठ्याच्या खालून सुरू करून छोट्या पायऱ्यांनी वाढवली, प्रत्येक पायरीवर दहा सेकंदांची पट्टी पाहिली. ठोके ९० वरून १०८ झाले, लय शाबूत राहिली. कमाल पातळी पहिल्या दिवशी मुद्दाम अपुरी ठेवली आणि पुढच्या तीन भेटींत वर नेली.

सहा महिन्यांनी ती घरातले आवाज ओळखते, दाराची कडी वाजली की वळते. वाचाउपचार कोणत्या भाषेत, हा प्रश्न सोलापुरात हमखास येतो, कारण मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात. आई ज्या भाषेत मुलीशी न अडखळता दिवसभर बोलू शकते, त्या भाषेत सुरुवात करावी.

घरी आणि औषधाच्या दुकानात

सर्वाधिक चुका आता इथे होतात. खोकल्याला ॲझिथ्रोमायसिन, जुलाबाला सिप्रोफ्लॉक्सासिन-ऑफ्लॉक्सासिन, उलटीला ऑन्डानसेट्रॉन किंवा डॉमपेरिडोन, खाजेला हायड्रॉक्सिझिन, बुरशीला फ्लुकोनॅझोल : ही सगळी क्यूटी लांबवतात आणि दुकानात सहज मिळतात. यांची मराठी यादी पातळ प्लास्टिकमध्ये घालून मुलीच्या दप्तरात, आईच्या पर्समध्ये आणि नेहमीच्या औषध दुकानात दिली आहे. अमॉक्सिसिलिन आणि पॅरासिटामॉल चालतात.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. घाम, जुलाब, उलट्या यांत पोटॅशियम गेले की धोका वाढतो. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धे पाकीट पेल्यात असे नाही. लिटरभर ओआरएसमध्ये पोटॅशियम २० मिलिमोल असते. साखर-मिठाच्या घरगुती पाण्यात ते नसते, तिथे शहाळे किंवा केळे जोडावे. दोनपेक्षा जास्त पातळ जुलाब झाले की त्याच दिवशी रक्तातले पोटॅशियम तपासायचे.

विहिरीत किंवा तलावात पोहणे पूर्ण बंद, कारण या प्रकारात पोहताना मृत्यू होण्याचा धोका विशेष मोठा. पाळणे, शर्यतीही नकोत. शोभेचे दारूकाम पाहायचे असेल तर प्रोसेसर काढून, लांबून. आई, वडील, आजी आणि अंगणवाडीसेविका या चौघींना-चौघांना छातीदाब शिकवला : मिनिटाला १०० ते १२०, छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खोल. मूल कोसळले तर तोंडावर पाणी मारत, कांदा हुंगवत बसायचे नाही.

बाकीचे कुटुंब

आई-वडील, चुलते, आत्या, मावश्या आणि त्यांची मुले मिळून सगळ्यांचे ईसीजी काढले. वडिलांना लांबलेल्या क्यूटीसाठी स्वतंत्र औषध सुरू झाले, आणि वरची औषधांची यादी त्यांनाही लागू आहे. पुढच्या प्रत्येक गर्भाला हा विकार होण्याची शक्यता चारात एक. घरातला दोष नेमका माहीत असल्याने गर्भजल तपासणीने तो ओळखता येतो, आणि तो निर्णय सर्वस्वी आई-वडिलांचा. तपासणी नको असेल तर बाळाचा ईसीजी आणि कानाची चाचणी प्रसूतिगृहातून घरी सोडण्याआधी व्हायला हवी. ईसीजी निर्दोष वाटला तरी तो दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढावा, कारण पहिल्या दिवसांतला क्यूटी स्थिर नसतो. आत्येच्या मुलीचे लग्न मामाच्या घरात ठरत आले होते. जनुक तपासणीत तो मुलगा वाहक, म्हणजे एक बिघडलेली प्रत असलेला निघाला, ती वाहक नाही. त्यांच्या मुलांना हा बहिरेपणा होणार नाही, पण त्या वाहक मुलाचा ईसीजी दरवर्षी पाहायचा आहे.